विदर्भात गावाकडे घर बांधताय? छत, पाया आणि सावली आधी ठरवा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या काळ्या मातीत. २०११ साली आम्ही जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर पाडलं आणि दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. दर्शनी भिंतीला टाइल्स, दाराला सागवानी चौकट, वर रंगीत कठडा. पहिल्याच उन्हाळ्यात आई घरात झोपेना. चूल विझून तास झाला तरी तिच्यामागची भिंत जशी गरम लागते, तसा रात्री दहा वाजता आमचा स्लॅब खालून लागायचा. दुसऱ्या वर्षी मागच्या भिंतीला तिरपी भेग पडली. मे महिन्यात त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं शिरायचं. श्रावणात ती बुजायची आणि पुढच्या उन्हाळ्यात परत उघडायची.

२०१९ मध्ये शेजारच्या जागेत आणखी तीन खोल्या बांधायच्या ठरल्या. या वेळी आम्ही आधी वर्षभर नुसतं पाहिलं आणि विचारलं. त्या तीन खोल्यांत आई दुपारी दार लावून शांत झोपते. जे आम्हाला उशिरा कळलं ते तुम्हाला पहिल्या घरातच कळावं म्हणून हे लिहितो आहे.

आपल्याकडचं हवामान सोपं कधीच नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. आता त्यात भर पडली आहे ती लहरी पावसाची. पंधरा-वीस दिवस कोरडे जातात आणि मग एका रात्रीत धो धो पडतो. फेब्रुवारी-मार्चात गारपीट होते. घर या सगळ्यात उभं राहायचं असेल तर पैसा लोकांना दिसतो तिथे घालून चालत नाही. ऊन आणि पाणी जिथे लागतं तिथे तो आधी घाला.

१. जागेला एक वैशाख आणि एक श्रावण द्या

जागा हातात आली की लगेच आखणी करू नका. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहा, पाणी कुठे साचलंय, कोणाच्या आंगणातून तुमच्याकडे येतंय. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे नाल्याचं पाणी कधी चढलं होतं का. आमच्या आजोबांच्या वयाच्या एका शेजाऱ्याने काठी टेकवून पुराची खूण दाखवली, ती आमच्या ठरवलेल्या जोत्यापेक्षा वितभर उंच होती. जोतं तिथेच वाढवलं.

मग दोन-तीन ठिकाणी खड्डा खणा. कमरेइतक्या खोलीवर मुरूम लागतो की दोन पुरुष खोल गेलं तरी काळीच, हे कळल्याशिवाय कोणताही अंदाजपत्रकाचा आकडा खरा नसतो.

२. कागदपत्रं

यात वेळ जातो, म्हणून जागा पाहतानाच सुरू करा. एका फायलीत ठेवा:

- गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर तीही
- शेतजमीन असेल तर ताजा सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशा
- घरपट्टी भरल्याची पावती
- घराचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा
- आधार, बँक पासबुक, आणि वाटणीचा प्रश्न असेल तर भावंडांचं संमतिपत्र

गावठाणात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला कागदपत्रं ग्रामपंचायतीत दाखल करून काम सुरू करता येतं, त्यावर ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीची परवानगी लागते. शेतात बांधणार असाल तर गोष्ट वेगळी. आधी तलाठ्याकडे जा.

घरकुल योजनेतून बांधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, हप्त्याहप्त्याने, आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो निघतो. घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. पण "सिमेंटचंच हवं, स्लॅबच हवा" असं योजना म्हणत नाही. घर साध्या देखभालीवर ३० वर्षं टिकलं पाहिजे असं ती म्हणते, आणि स्थानिक साहित्य वापरायला सांगते. दुसरी गोष्ट, पुढचा हप्ता सुटावा म्हणून ऐन मे महिन्यात दुपारी स्लॅब टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तो स्लॅब पुढे गळतो. हप्त्याच्या तारखा आधी विचारून काम मागे-पुढे करा.

३. पाया: काळ्या मातीशी भांडू नका

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात ज्या भेगांत हात जातो, तीच हालचाल तुमच्या जोत्याखाली चालू असते. वरवरची माती सर्वात जास्त हलते, खाली जाल तशी हालचाल कमी होते. म्हणून पहिला नियम असा की मुरूम सापडत असेल तर पाया मुरमापर्यंत न्यायचाच. पाच-सहा फुटांवर मुरूम असताना तीन फुटांवर थांबून वाचवलेले पैसे पुढच्या दहा वर्षांत डागडुजीत दुप्पट जातात. आमची ती भेग याच चुकीची होती.

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, दर्यापूर, जळगाव जामोदकडे, काळी माती खूप खोल आहे. तिथे मुरमाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे जिथे मातीची हालचाल थांबते तिथे ते पकडतात. वर बीम येतो आणि बीमखाली थोडी पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलला जात नाही. हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय करू नका.

आता सर्वात जास्त होणारी चूक. पाया खणताना निघालेली काळी माती जोत्यात परत भरतात, कारण ती फुकट असते आणि मुरूम ब्रासने विकत घ्यावा लागतो. दोन पावसाळ्यांत फरशी मध्ये फुगते आणि दारं घासायला लागतात. निघालेली माती शेतात टाका. जोत्यात मुरूम थराथराने, पाणी मारून, ठोकून भरा. मिस्त्री "भाऊ, चालते ना" म्हणेल. तुम्ही नाही म्हणा.

घराभोवती तीन फूट रुंद पट्टा फरशीचा किंवा कोब्याचा, बाहेर उतार देऊन. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरता कामा नये. न्हाणीचं पाणी तर नाहीच. आणि निंब, पिंपळ भिंतीला चिकटून लावू नका. मुळं मातीतलं पाणी ओढतात, त्या बाजूची माती जास्त आकसते आणि पाया तिकडे बसतो. सावली हवीच आहे, पण झाड वीस-पंचवीस फुटांवर, पश्चिमेला.

जोत्याच्या पातळीवर आणि दारा-खिडक्यांच्या वर, सळया घातलेले काँक्रीटचे दोन पट्टे सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा. भिंत हलली तरी एकत्र हलते, फाटत नाही.

४. सूर्य कुठून येतो ते आखणीआधी समजून घ्या

नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. २६ मेच्या आसपास भर दुपारी तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सर्वात कडक, त्या दिवसांत दक्षिणेची भिंत जवळजवळ सावलीत असते. भाजतं ते छत, आणि सकाळी पूर्वेची, दुपारनंतर पश्चिमेची भिंत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं, तेव्हा ते हवंच असतं.

यावरून आखणी आपोआप निघते. घर पूर्व-पश्चिम लांब ठेवा, मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण. पश्चिमेला झोपायची खोली देऊ नका. न्हाणी, कोठार, जिना, जनावरांचा चारा, काहीही तिकडे ढकला. आमच्याकडे पश्चिमेला कापूस ठेवायची खोली आहे, चार वाजताचं ऊन ती झेलते. रस्ता पश्चिमेला असेल आणि दर्शनी बाजू तिकडेच करायची असेल तर पुढे आठ फुटांची ओसरी काढा. जुन्या वाड्यांची छपरी शोभेसाठी नव्हती.

५. छत: इथे कंजूषी करू नका

घराला दिवसभर सर्वात जास्त ऊन छतावरून मिळतं. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि तुम्ही झोपायला आलात की ती उष्णता खाली सोडतो. नुसता टिनाचा पत्रा लवकर निवतो खरा, पण दुपारी त्याखाली बसवत नाही.

*आधीच स्लॅब असेल तर.* मार्चच्या शेवटी वरून झाडून, धुऊन चुन्याचे दोन-तीन हात द्या. चुन्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी फेव्हिकॉलसारखा गोंद मिसळा, नाही तर पहिल्या पावसात निघून जातो. संध्याकाळी लावा. उन्हात लावलेला चुना वाळून पापुद्रे धरतो. पांढरं छत ऊन परत पाठवतं, खोली दोन ते पाच अंशांनी कमी तापते, आणि एवढ्या पैशात एवढा फरक देणारं दुसरं काही मला माहीत नाही. दरवर्षी परत लावायचं. सरगुंडे-कुरड्या घालायच्या असतील तर बाजेवर घाला, छत पांढरंच राहू द्या.

*नवा स्लॅब टाकत असाल तर.* वर विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन करा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवा. टाइल्सच्या दुकानात फुटका माल स्वस्त मिळतो. गळतीही थांबते. खालून काँक्रीट वाचवायचं असेल तर सळयांच्या चौकटीत मंगलोरी कवेलू ठेवून स्लॅब ओतता येतो. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट तसंही भार घेत नाही, तिथे कवेलू बसलं तर सिमेंट वाचतं.

*कवेलू.* माझं मन आजही कवेलूतच आहे. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, आणि ते लवकर निवतात. पण लोकांनी कवेलू का सोडले ते मी पाहिलं आहे. एक म्हणजे वानरं. कळप एका सकाळी छतावरून धावला की तीस-चाळीस कवेलू गेले. दुसरं म्हणजे दरवर्षी मिरगाआधी कवेलू फेरणारा माणूस आता गावात मिळत नाही. आणि गारपीट. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला: वर पत्रा, त्याखाली फूट-दीड फूट मोकळी जागा, आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचा माळा, त्यावर माती-शेण-भुश्याचं चार बोटं जाड लिंपण. दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीची मोठी भोकं. पत्रा तापतो, मधली हवा भोकांतून निघून जाते, माळ्याखाली ती झळ येत नाही. पत्र्यालाही वरून पांढरा रंग दिला आहे.

पत्रा लावताना एक धोका सांगतो. मे-जूनच्या वावटळीत पत्रे उडतात आणि माणसं जखमी होतात. वर दगड-विटा ठेवून पत्रा धरत नाही, उलट वाऱ्यात तेच दगड खाली येतात. जे-बोल्टने आडव्या पाइपला घट्ट बांधा, कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्या. आणि पत्र्यावर पऱ्हाटी-तुराटी, म्हणजे कापसाच्या-तुरीच्या काड्या, पसरायची पद्धत आहे, थंडावा देते, पण चुलीची ठिणगी किंवा विजेची तार जवळ असेल तर ती करू नका.

बांबू वापरणार असाल तर पूर्ण वाढलेला, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवून वापरा, नाही तर दोन वर्षांत भुंगा पीठ पाडतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शेतातल्या बांबूची अडचण २०१७ पासून कमी झाली, वनाबाहेरचा बांबू कायद्याने आता झाड धरला जात नाही.

६. भिंती

आमचा मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, मातीचं घर म्हंजे गरिबाचं घर. लोकं का म्हन्तीन?" त्याला मी सेवाग्रामला घेऊन गेलो. तिथल्या गांधीजींच्या आश्रमातला आदिनिवास १९३६ चा, माती, लाकूड, बांबू, कवेलू. मे महिन्याची दुपार होती. तो भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "जोतं आन् वळचण पाहा किती पुढं काढली." मातीच्या घराचं सगळं शास्त्र त्या वाक्यात आहे. पाय दगडाचा आणि टोपी मोठी हवी. जोतं दोन फूट दगडी, वळचण अडीच-तीन फूट बाहेर, मग मातीची भिंत पावसाला भीत नाही.

वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था १९७६ पासून ग्रामीण घरांवर काम करते. तिथलं काम डोळ्यांनी पाहून या.

दाबून बनवलेल्या मातीच्या विटा करणार असाल तर काळी माती चालत नाही. मुरमाड, तांबूस, रेतीचं प्रमाण जास्त असलेली माती लागते. घरीच तपासा: पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली रेती बसते, मध्ये गाळ, वर चिकणमातीचा गुळगुळीत थर. रेतीचा थर निम्म्याहून बराच जाड हवा, चिकणमाती पातळ. शंका असेल तर चार विटा करून सावलीत वाळवा. भेगा दिसल्या तर रेती वाढवा. सिमेंट पाच ते दहा टक्के पुरतं, पण पुढचे तीन-चार आठवडे ओलं पोतं झाकून पाणी द्यायला लागतं. आमच्या पहिल्या दोनशे विटा आम्ही उन्हात वाळवल्या आणि त्या हातात चुरल्या.

भट्टीच्या विटा घेतल्या तर आडव्या न रचता उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवायची पद्धत मिस्त्रीला शिकवा. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ती रूढ केली. नऊ इंचांच्याच भिंतीला साधारण चौथा हिस्सा विटा कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत उशिरा येते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर भागात असाल तर तिथल्या वीज केंद्रांच्या राखेच्या विटा जवळ मिळतात. वरच्या थराची माती वाचते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. आतली ओल बाहेर पडत नाही, आणि तीन-चार वर्षांत प्लास्टर परातीएवढ्या तुकड्यांनी सुटतं, मागे उधईचे माग दिसतात. माती-चुन्याचा गिलावा किंवा सारवण.

७. पाणी

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातल्या वाचकांनो, हे दोनदा वाचा. विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका. सळया आतून गंजतात, गंजून फुगतात आणि स्लॅबचे पापुद्रे खाली पडतात. भिंतींना लोणा लागतो तो वेगळाच. गोड्या पाण्याचा टँकर महाग वाटेल, पण काँक्रीटला तोच घ्या.

त्याच भागात छताचं पाणी साठवणं सर्वात जास्त उपयोगाचं. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पन्नास चौरस मीटर छत आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर ४० हजार लिटर पडतं, वाया जाणारं सोडून ३२ हजार हातात. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला पन्हळीला वेगळा नळ ठेवा. पन्हळ मोठी घ्या, आताचा पाऊस जुन्या अरुंद पन्हळीत मावत नाही.

८. खिडक्या आणि कूलर

जाड भिंतीचं घर वापरायची रीत असते. उन्हाळ्यात सकाळी नऊला खिडक्या बंद, रात्री बाहेरची हवा निवली की सगळ्या उघड्या. छताजवळ समोरासमोर झरोके हवेतच, गरम हवा वरूनच निघते.

कूलर खिडकीत लावून खोली बंद करून बसणारे लोक तासाभरात चिकचिक झाली म्हणून कूलरला दोष देतात. कूलरची हवा आत आली तेवढी बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. मिरग लागला की हवेत दमटपणा येतो आणि कूलर निकामी होतो. तेव्हा फक्त वाहता वारा आणि पंखा कामाला येतात. म्हणून उत्तर-दक्षिण खिडक्या समोरासमोर ठेवा.

वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे. वायरिंग करतानाच चांगली अर्थिंग करून घ्या, पण नुसत्या अर्थिंगने घर पडणाऱ्या विजेपासून वाचत नाही, त्यासाठी छतावर तडितरक्षक लागतो.

९. काम कधी काढायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काँक्रीटला मंद थंडी मानवते आणि विहिरीत पाणी असतं. अडचण अशी की हेच दिवस कापूस वेचणीचे, रेजा आणि मजूर शेतात असतात. मिस्त्रीला पोळ्याच्या सुमारास सांगून ठेवा, पाया दिवाळीनंतर लगेच घ्या. उशीर होऊन मार्च-एप्रिल लागलाच तर काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळी ओता, ओली पोती टाकून किमान दहा-चौदा दिवस पाणी द्या.

साइटवर तुमच्याजवळ ओळंबा, पाणपातळीची नळी, टेप, सुतळी आणि एक वही असू द्या. किती पोती सिमेंट आलं, किती ब्रास रेती, कोण किती दिवस आलं, रोज संध्याकाळी लिहा. रेतीची रॉयल्टीची पावती मागून घ्या, आणि रेती मुठीत दाबून पाहा. हाताला माती चिकटली तर परत पाठवा.

१०. पहिला पावसाळा

घर झालं तरी मिस्त्रीचे सगळे पैसे देऊ नका, थोडे दसऱ्यापर्यंत राखून ठेवा आणि हे आधीच बोलून घ्या. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळी कोब्याच्या पट्ट्यावर पडते की बाहेर, पट्ट्याला उतार आहे की पाणी भिंतीकडे येतंय, पन्हळ कुठे ओसंडते. आत माळ्यावर चढून पत्र्याच्या बोल्टपाशी ओल आहे का पाहा. भिंतीवर केसाएवढी भेग दिसली तर तिच्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. मे महिन्यात परत पाहा. रेघ तुटून दोन तुकडे लांब गेले असतील तर प्लास्टरने भेग बुजवण्याआधी त्या बाजूच्या पायाशी पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा ते न्हाणीतूनच येत असतं.